परळच्या प्रयोगशाळेतली हळद

खानदेशात शेवभाजी करा नाहीतर डुबुकवड्यांची आमटी, मसाल्याच्या डब्यातून मिरचीपूड सढळ हाताने पडते आणि हळद चिमूटभर. १९८६ साली परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एम. नागभूषण आणि एस. व्ही. भिडे या संशोधकांनी नेमकी हीच जोडी तपासून निबंध छापला. मिरचीचा अर्क आणि मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन एका बाजूला, हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन दुसऱ्या बाजूला. कसोटी होती कॅलिफोर्नियाच्या ब्रूस एम्स यांनी बसवलेली. साल्मोनेला जिवाणूंचा एक अधू वाण घ्यायचा, जो एक विशिष्ट पोषकद्रव्य बाहेरून मिळाल्याशिवाय वाढत नाही. ते द्रव्य जवळपास नसलेल्या काचेच्या बशीत हे जिवाणू आणि तपासायचा पदार्थ एकत्र ठेवायचे. पदार्थाने जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवले, तर त्यातले काही पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि बशीत ठिपक्यांसारख्या वसाहती उठतात. ठिपके मोजायचे. फार उठले, तर पदार्थावर संशय धरायचा.

मिरचीचा अर्क आणि कॅप्सायसिन या कसोटीत संशयित ठरले. कर्क्युमिनने स्वतः काही बदल घडवले नाहीत, उलट मिरचीमुळे होणारे बदल त्याने दाबले. हे वाचून कोणी ठेचा सोडायची गरज नाही. जिवाणूच्या बशीतला निकाल माणसाच्या ताटाला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि कॅप्सायसिनच्या बाबतीत पुढे इतरांना वेगवेगळे निकालही मिळाले. तरीही हा निबंध मला महत्त्वाचा वाटतो. आजीबाईच्या बटव्यातल्या वस्तूला प्रश्न विचारायची एक रीत त्यात दिसते. हळद गुणकारी आहे हे गृहीत धरून तिचे गोडवे गायलेले नाहीत. ती स्वतः घातक आहे का, ही शंका आधी घेतली आहे.

परळला ही शंका सुचायला चाळीस वर्षांची पार्श्वभूमी होती. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि तिथल्या विकृतिशास्त्राच्या कामाची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रुग्ण येऊ लागले तसं त्यांच्या लक्षात आलं की युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत पोट, स्तन, फुप्फुस यांचे कर्करोग ठळक असतात, पण इथे लोक तोंड धरून येतात. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापला. पान-सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग त्याआधीही डॉक्टरांच्या नजरेत आला होता. त्रावणकोरमधल्या रुग्णांबद्दल आय. एम. ऑर यांनी १९३३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. पण एक हजार ही संख्याच अशी होती की तिच्याकडे काणाडोळा करणं अवघड. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा घशा-तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनिशी मांडला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी विलायतेत सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं गणित सोडवलं, तो काळ आणि हा काळ एकच. त्यांचं नाव जगभर झालं. आपल्या तंबाखू-चुन्याचं गणितही त्याच सुमारास, त्याच नियतकालिकात सुटलं होतं, याची आठवण मात्र मराठी लेखनात फारशी निघत नाही.

१९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खानोलकर त्याचे पहिले संचालक. हीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली. खानोलकरांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे यांनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, देशातली या प्रकारची पहिली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं दालन सुरू केलं. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांवर जे काम केलं, ते १९७६ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आलं. त्यातला प्राणी होता हॅमस्टर. या उंदरासारख्या प्राण्याला दोन्ही गालांत दाणे साठवायच्या पिशव्या असतात. तंबाखूचा बार गालात धरून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाची नक्कल करायला याहून योग्य प्राणी सापडला नसता.

मुंबईहून निघालेली ही चौकशी गावांतही पोहोचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाचे फली मेहता यांनी डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांच्याबरोबर पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. १,०१,७६१ गावकरी. १९७२ साली छापलेल्या या निबंधाच्या शीर्षकातच हा आकडा आहे, आणि तो पूर्ण लिहिला आहे, एक लाखाच्या वर असा मोघम नाही.

या सगळ्यात खानदेश कुठे? शोधणाऱ्यांच्या यादीत सुरुवातीला नव्हता. दुखणं सोसणाऱ्यांच्या यादीत मात्र होता. जळगाव मुंबई-हावडा मार्गावर. धुळ्याला चाळीसगावचा फाटा. गाठ हाताला लागली, पांढरा चट्टा खरबरीत झाला, की कोणीतरी जाणता माणूस ‘टाटाला दाखवा’ म्हणतो, आणि मग रात्रीची गाडी धरून दादरला उतरायचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उपचारांसाठी मुक्काम करणाऱ्यांत राज्याच्या सगळ्या भागांतली कुटुंबं असतात. केमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस तिथेच काढायचे, स्टोव्हवर खिचडी लावायची.

तोंड येण्याच्या आणि तोंड मिटण्याच्या मधल्या दुखण्याला मात्र गाडी धरावी लागत नाही. ते जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात समोर बसलेलं असतं. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला एक विचित्र बदल नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तोच विकार इथल्या रुग्णांत दाखवून त्याला आजचं नाव दिलं: सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे दोर तयार होतात. आधी जळजळ, मग अस्तर फिकट पडतं, मग गाल चामड्यासारखा ताठ. कारण सुपारी. पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी १९६६ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. केरळातल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ७.६ टक्के जणांना पुढे कर्करोग झाला.

खानदेशात हे दुखणं सर्वांत आधी जेवणात कळतं. ‘तिखट लागस’ ही पहिली तक्रार. कालपर्यंत ठेच्याबरोबर कळण्याची भाकरी खाणारा पोरगा दही-भात मागायला लागतो. वांग्याचं भरीत समोर आलं तरी हात मागे घेतो. मग काही महिन्यांनी ‘तोंड उघडत नही’. डॉक्टर त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात. धडधाकट माणसाची तीन बोटं वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये मावतात. याचं दीड बोटावर अडतं. मग पट्टी लावून अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचं, गालात इंजेक्शनं द्यायची, आणि घरी करायला व्यायाम: आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्या-आठवड्याने एकेक काडी वाढवायची. सुपारी सोडली तर दुखणं पुढे सरकायचं थांबू शकतं. झालेले दोर मात्र सहसा विरघळत नाहीत.

पानतंबाखूची तल्लफ जुनी. ती पुडीत भरली गेली ती नंतर. सुपारी, तंबाखू, काथ, चुना, सुवास आणि गोडवा हे सगळं एका रुपया-दोन रुपयांच्या पाकिटात मिळू लागलं, तेव्हा पानाची गादी, अडकित्ता आणि त्याबरोबरचा थोडा उशीरसुद्धा गळून पडला. पान लावायला दोन मिनिटं लागत, पुडी दातांनी फाडता येते. या विकाराचे रुग्ण शाळा-कॉलेजच्या वयात दिसू लागले ते यामुळे. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी पुन्हा आली. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यात मध्य प्रदेशातून येणारा गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी धुळ्याच्या वाचकाला आता बातमी वाटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते.

आता हळदीकडे परत येऊ. कर्क्युमिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते पॅरिसमध्ये, १८१५ साली, फोगेल आणि पेलेतिए यांनी. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारे पेलेतिए ते हेच. रेणूची रचना ठरायला १९१० साल उजाडलं. म्हणजे ज्या देशात लग्नाआधी हळद लावतात, जखमेवर हळद दाबतात, त्या देशात तिच्यातल्या द्रव्याचा रासायनिक पत्ता बाहेरून आला. जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते जुने संदर्भ पुढे करून १९९७ साली मोडून काढलं, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. त्या विजयाने एक गैरसमजही पसरला. पेटंट मोडलं ते ‘हा उपयोग नवा नाही’ म्हणून. हळद कर्करोग बरा करते, असं त्या निकालात कुठेही नव्हतं.

ते तपासण्याचं काम वेगळीकडे, बातम्यांपासून दूर चाललं होतं. १९८७ साली केरळातल्या त्रिशूरच्या अमला कॅन्सर रिसर्च सेंटरमधल्या रामदासन कुट्टन यांनी बाहेरून दिसणाऱ्या कर्करोगाच्या जखमांवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचं मलम लावून पाहिलं. रुग्ण ६२. त्यांतल्या नव्वद टक्क्यांच्या जखमेची दुर्गंधी कमी झाली, जवळपास सगळ्यांची खाज कमी झाली, सत्तर टक्क्यांच्या जखमा कोरड्या पडल्या. गाठ लहान झाली ती दहा टक्क्यांत. तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्याने तोंडाच्या कर्करोगाचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण घरात पाहिला आहे, त्याला दुर्गंधी जाण्याचं मोल सांगावं लागत नाही. नातवंडं पुन्हा खोलीत येतात. पण तो आराम झाला. त्याला बरं होणं म्हणता येत नाही, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ पुढे अनेकांनी केली.

परळला भिडे यांच्या गटाने एकेक पायरी चढायचं ठरवलं होतं. जिवाणूंनंतर उंदीर आणि हॅमस्टर. १९९४ साली मॅग्नस अझुइन आणि भिडे यांनी हॅमस्टरच्या तोंडात नायट्रोसअमाइन गटातल्या एका कर्करोगकारक द्रव्याने गाठी उठवल्या आणि खाण्यातली हळद व कॅटेचिन हे वनस्पतीजन्य द्रव्य यांनी त्या किती रोखल्या जातात, ते पाहिलं. गाठी कमी झाल्या. त्याच प्रयोगशाळेने विड्याच्या पानालाही सोडलं नाही. ए. जे. आमोणकर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली नागवेलीच्या पानातून हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे द्रव्य काढून ते जनुकांतले बदल रोखतं, असं दाखवलं. पुढे तंबाखूतल्या दोन खास नायट्रोसअमाइनांवर पानाच्या अर्काचा उतारा चालतो, हेही जिवाणूंच्या कसोटीत दिसलं. विड्यात सुपारी मारक आणि पान तारक! गुटख्याच्या पुडीतून वगळलेला एकच घटक कोणता असेल, तर तो पान. टिकत नाही म्हणून वगळला, एवढंच.

प्राण्यांनंतर माणूस. १९९७ साली ‘कॅन्सर लेटर्स’मध्ये हस्तक, जाखी, घैसास, भिडे आदींचा निबंध आला. रुग्ण तेच, ताठ गालांचे, सबम्युकस फायब्रोसिसचे. त्यांना तीन महिने रोज तोंडावाटे हळदीचा अर्क दिला. एका गटाला नुसता ३ ग्रॅम अर्क, दुसऱ्याला त्यासोबत ६०० मिलिग्रॅम हळदीचं तेल, तिसऱ्याला तेलाऐवजी तेवढंच ओलिओरेझिन, म्हणजे हळदीचा राळयुक्त दाट अर्क. मग गालाच्या आतून खरवडून काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि मुख्य केंद्रकाशेजारी सुटा पडलेला छोटा तुकडा किती पेशींत आहे ते मोजायचं. हा सुटा तुकडा म्हणजे पेशीच्या जनुकद्रव्याला इजा झाल्याची खूण. तिन्ही गटांत अशा पेशी कमी झाल्या. तोंडातल्या पेशींवर ओलिओरेझिनचा परिणाम सर्वांत चांगला. मोजलं काय, तर पेशींची इजा. कर्करोग टळला का, हे तीन महिन्यांत कळणार नव्हतं, आणि निबंधाच्या नावातही इजेपलीकडचा दावा नाही.

माणसात आणखी एक अडचण होती, ती तैवानमध्ये आकड्यांनी पुढे आली. २००१ साली तिथे २५ जणांना वाढत्या मात्रेत कर्क्युमिन दिलं गेलं. दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत विषबाधा दिसली नाही. त्यापुढे गोळ्यांचा ढीगच इतका झाला की रुग्णांनी नको म्हटलं. आणि एवढं गिळूनही रक्तात उतरलं ते नाममात्र. आतडं ते फारसं शोषत नाही, यकृत उरलेलं झटपट निकाली काढतं. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या सात जणांपैकी दोघांच्या चट्ट्यांत पेशींची सुधारणा दिसली, एकाला औषध चालू असतानाच कर्करोग झाला. हळदीच्या पुडीत वजनाने सुमारे तीन टक्के कर्क्युमिन धरलं, तर ३.६ ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. अर्धा पाव! रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हळद घेणारा शेतकरीसुद्धा घरात एवढी हळद आठवड्यालाही खर्चत नसेल. तेव्हा ‘आपण रोज भाजीत खातोच की’ हा युक्तिवाद इथे संपतो.

३.६ ग्रॅमचा आकडा मी उगाच घेतला नाही. मोनी अब्राहम कुरियाकोस आणि सहकाऱ्यांनी केरळ-बंगळुरूच्या रुग्णालयांत जी चाचणी घेतली, तिच्यात रोजची मात्रा तीच होती. तोंडात पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लाकिया असलेले २२३ रुग्ण. निम्म्यांना कर्क्युमिन, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली पोकळ कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. सहा महिने. निकाल २०१६ साली ‘कॅन्सर प्रिव्हेन्शन रिसर्च’मध्ये छापला. कर्क्युमिनच्या गटात ६७.५ टक्के जणांचे चट्टे कमी झाले. हा एकच आकडा वर्तमानपत्रात आला असता, तर हळदीचा जयजयकार झाला असता. पोकळ कॅप्सूलच्या गटातही ५५.३ टक्के जणांचे चट्टे कमी झाले होते. फरक होता, आकडेशास्त्राच्या चाळणीतून उतरणाराही होता, पण बारा टक्क्यांचा. चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या पातळीवर दोन गटांत म्हणावा असा फरक नव्हता. सहा महिन्यांत अर्धवट प्रतिसाद दिलेल्यांना औषध पुढे चालू ठेवून आणखी फायदा झाला नाही.

त्या ५५ टक्क्यांवर मी बराच वेळ अडतो. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचे चट्टे का कमी झाले? त्या निबंधापलीकडे जाऊन माझा तर्क असा: दर काही आठवड्यांनी डॉक्टर टॉर्च मारून तोंड बघणार, हे माहीत असलेला माणूस पुडीला हात आखडता घेतो. याला जुना आधार आहे. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना केवळ समजावून, चित्रं-चित्रपट दाखवून सोडायला लावण्याचा प्रयत्न केला होता. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांनी सोडली वा कमी केली, त्यांच्यात ल्युकोप्लाकिया नव्याने होण्याचं प्रमाण घटलं. म्हणजे ज्या वर्षी परळच्या बशीत मिरची आणि हळद समोरासमोर होत्या, त्याच वर्षी बिनऔषधाचा हा निकालही छापून आला होता. त्यातून बाटलीत भरून विकण्यासारखं काही निघत नव्हतं, हा त्याचा दोष.

दरम्यान अमेरिकेत कर्क्युमिनची लाट आली आणि ओसरली. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या भरत अगरवाल यांच्या नावावर कर्क्युमिनचे ढीगभर निबंध होते. चित्रांतल्या घोटाळ्यांमुळे त्यांतले अनेक मागे घ्यावे लागले. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कर्क्युमिनची झाडाझडती झाली. हा रेणू अस्थिर आहे, शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या अनेक कसोट्यांना चकवा देऊन खोटे ‘होय’ मिळवतो. जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत मात्र ‘काढ्याने गाठ बसेल, कापाकापी नको’ म्हणून चार-सहा महिने घालवून आलेले रुग्ण अजून येतात. ते महिनेच बहुधा सर्वांत महाग पडतात, कारण तोंडाच्या कर्करोगात लवकर केलेली शस्त्रक्रिया हाच आजही भरवशाचा उपाय आहे.

खानदेश आता नुसता रुग्ण पाठवणारा राहिलेला नाही. जळगावला १९९० साली विद्यापीठ झालं. त्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शिरपूर, धुळे, जळगावच्या फार्मसी महाविद्यालयांत वनस्पतींची द्रव्यं तपासण्याचं, ती नॅनोकणांत भरून शोषणाची अडचण सोडवण्याचं काम चालतं. सातपुड्यातल्या वनस्पती हाताशी आहेत, एम.फार्म.च्या विद्यार्थ्याला विषय हवा असतो, आणि तोंडाचा कर्करोग घराशेजारी असतो. अशा कामाची पहिली कसोटी असते पेशींवर, आणि तिथे एक जुना खड्डा आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून देशभर वापरल्या गेलेल्या ‘केबी’ नावाच्या पेशी १९५४ साली अमेरिकेत तोंडाच्या गाठीतून वाढवल्या, अशी नोंद होती. पुढे १९६० च्या दशकापासून उघड होत गेलं की त्या तोंडाच्या नाहीतच. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या प्रसिद्ध हेला पेशी त्यांत शिरून बसल्या आहेत. तरीही ‘केबीवर परिणाम दिसला, म्हणजे तोंडाच्या कर्करोगावर परिणाम दिसला’ अशी वाक्यं पुढची कित्येक दशकं छापली गेली.

खऱ्या तोंडातल्या पेशी हव्या असतील, तर त्या परळनेच तयार करून ठेवल्या आहेत. १९९० साली कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये इथल्याच रुग्णांच्या गाठींतून चार नवे पेशीवाण वाढवले गेले. त्यांतला एडब्ल्यू-१३५१६ जिभेच्या कर्करोगाचा. संस्था पुढे अ‍ॅक्ट्रेक या नावाने खारघरला गेली. राज्यातली महाविद्यालयं आपले नमुने तिथल्या तपासणी केंद्राकडे पाठवतात. शहाण्णव खाचांच्या तबकडीत पेशी पेरल्या जातात, द्रव्याच्या चढत्या मात्रा घातल्या जातात, शेजारच्या खाचांत तुलनेसाठी अ‍ॅड्रियामायसिन हे कर्करोगावरचं औषध. दोन दिवसांनी रंग देऊन किती पेशी उरल्या ते यंत्र वाचतं. शुद्ध द्रव्याने मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत पेशींची वाढ निम्म्यावर आणली, तरच ‘क्रियाशील’ असा शेरा मिळतो. वनस्पतीच्या कच्च्या अर्काला सवलत आहे: २० मायक्रोग्रॅमपर्यंत.